सापाचं पिल्लू खात नाही, म्हणजे नेमकं काय?

पावसाळा सुरू झाला की आमच्या पट्ट्यात, म्हणजे विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, पालघर, बोईसर इथे, सापांची पिल्लं दिसायला लागतात. भाताच्या खाचरात, मिठागराच्या बांधावर, न्हाणीच्या मोरीत, कधी चपलांच्या रॅकमध्ये. मी प्राणिशास्त्रात पीएच.डी. करतेय हे आसपास माहीत असल्यामुळे एक प्रश्न दर वर्षी ठरलेला: "ताई, पिल्लू डब्यात ठेवलंय, चार दिवस झाले काहीच खात नाही. काय करू?" अलीकडे यात दुसरा प्रकार वाढलाय. एखाद्या फ्लॅटमध्ये कुणीतरी बॉल पायथनचं पिल्लू आणलेलं असतं आणि ते समोर ठेवलेल्या उंदराकडे ढुंकूनही बघत नाही.

पेट-नेट-सेटच्या तयारीत असलेल्या तुमच्यासाठी या प्रश्नावर सविस्तर लिहितेय, कारण संशोधनात पहिल्या वर्षी जे शिकायचं असतं त्यातलं बरंचसं या एका प्रश्नात येतं. "खात नाही" हे निरीक्षण नाही, तो निष्कर्ष आहे. निरीक्षण असं असतं: अमुक तारखेला, रात्री साडेआठला, डब्यातलं तापमान इतकं असताना, इतक्या ग्रॅमचं अमुक भक्ष्य चिमट्याने समोर धरलं, पिल्लाने सहा वेळा जीभ लपलपवली, मान मागे घेतली आणि करवंटीखाली जाऊन बसलं. आता याच्यावर विचार करता येतो. पिल्लाने काहीतरी उत्तर दिलंय. आपण त्याला काय विचारलं होतं ते आधी बघू.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे साप कोणता ते ठरवणं. पिल्लू इथलंच असेल, म्हणजे दिवड, धामण, नानेटी, कवड्या, नाग, घोणस, अजगर, यातलं कुठलंही, तर त्याला खायला काय घालायचं हा प्रश्नच उरत नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ प्रमाणे इथला साप घरात पाळता येत नाही. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करायचा आणि पिल्लू जिथे मिळालं त्याच्या जवळपास, पाणी आणि आडोसा असलेल्या जागी ते लवकरात लवकर सोडलं जाईल असं बघायचं. ते ज्या बेडकांवर, माशांवर वाढणार आहे ते तिथे आहेत, तुमच्या डब्यात नाहीत. ओळख पटत नसेल तर हात लावू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांची पिल्लं जन्मल्या दिवसापासून विषारी असतात, आणि बिनविषारी कवड्या कोणता आणि मण्यार कुठली यात भलेभले फसतात.

"पण मला यावर अभ्यास करायचाय," असं म्हणणारे तुमच्यात असणार. चांगलंच आहे. त्यासाठी याच कायद्यात कलम १२ आहे: शिक्षण, वैज्ञानिक संशोधन, जीवरक्षक औषधांसाठी सर्पविष काढणं अशा ठरावीक कामांसाठी मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात. शिवाय संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची मान्यता लागते. ही मान्यता प्रयोगाच्या आधी घ्यायची असते, पेपर पाठवायच्या आधी नव्हे. "मी पीएच.डी. करतोय" हा काही परवाना होत नाही.

बॉल पायथनची गोष्ट वेगळी. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला अजगर, घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत घेतो म्हणून हे नाव. तो साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी बाळगणाऱ्याला 'परिवेश' पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. कागद नसलेलं पिल्लू विकत घेऊ नका. हे नुसतं कायद्यासाठी सांगत नाहीये. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, बिस्किट-केकच्या पाकिटांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले. अशा प्रवासातून आलेलं पिल्लू तहानलेलं, गारठलेलं, भेदरलेलं असतं. त्याचा नकार तुमच्या घरी सुरू झालेला नसतो, सुटकेसमध्येच सुरू झालेला असतो. दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच "काय खातो?" हा नाही. "शेवटचं कधी, काय आणि कशा अवस्थेत खाल्लं, वजन किती होतं, लिहून ठेवलंय का?" असं विचारा. तिथे वही नसेल तर तुमच्याकडे आलेल्या प्राण्याचा पूर्वेतिहास कोरा आहे असं धरून चालायचं.

आता वय. अंड्यातून बाहेर येताना सापाचं पिल्लू शिदोरी घेऊनच येतं. उरलेला बलक पोटात ओढला जातो आणि पुढचे काही दिवस त्यावर निभतं. पहिली कात साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत पडते, आणि बहुतेक पिल्लं ती पडेपर्यंत भक्ष्याकडे बघत नाहीत. आपल्याकडे बांधकामाच्या खड्ड्यात अंडी सापडतात, कुणी सर्पमित्र ती माती-भुशात जपून ठेवतो, पिल्लं निघतात आणि दुसऱ्याच दिवशी समोर पाल टाकली जाते. पिल्लू पालीपासून पळतं. याला नकार कसा म्हणायचा? जेवायची वेळच झालेली नाही. नुकतं जन्मलेलं पिल्लू ओळखायच्या खुणा आहेत: पोटाखाली नाळेची बारीक चीर दिसते, आणि अगदी पहिल्या दिवसांत वरच्या जबड्याच्या टोकाला अंडं चिरायचा इवलासा दात असतो, तो लवकरच गळतो. डोळे दुधी-निळसर झाले असतील तर कात जवळ आलीय. अशा वेळी मोठा सापही सहसा खात नाही. नोंदवहीत "कात: पडली / नाही / डोळे दुधी" असा रकाना हवाच.

कात पडली, दोन आठवडे उलटले, तरी खात नाही. इथे बहुतेक जण भक्ष्य बदलायला धावतात. थांबा. सापाचं पचन, हालचाल, भूक, सगळं बाहेरच्या उष्णतेवर चालतं. बॉल पायथनला डब्याच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ अंश असा उतार लागतो, म्हणजे त्याला हवी ती जागा निवडता येते. एसी २२ वर लावलेल्या बेडरूममध्ये तो खाणार नाही, आणि खाल्लंच तर पचणार नाही. थर्मामीटर भिंतीला चिकटवून उपयोग नाही, साप जिथे पडून असतो तिथे जमिनीवर ठेवायचा, दोन्ही टोकांना. हीट मॅट असेल तर थर्मोस्टॅटशिवाय लावू नका, पिल्लू पोटाखालून भाजतं आणि ते वेळेवर कळतही नाही. आमच्याकडे पावसाळ्यात उलटी अडचण असते: दमट हवा, ओला कागद, त्यात वीज गेली की डब्यात कोंदटपणा. सतत ओल्या बैठकीने खवल्यांना संसर्ग होतो, श्वासाचे विकार होतात. खाली साधं वर्तमानपत्र टाका आणि ओलं झालं की बदला. तेवढं पुरतं.

मग आडोसा. अर्ध्या नारळाच्या करवंटीला कडेने दार पाडलं की पिल्लासाठी उत्तम बीळ होतं. अंगाला सगळीकडून स्पर्श होईल इतकं तंग हवं. मोकळ्या काचेच्या पेटीत, चारी बाजूंनी माणसं डोकावत असताना, शंभर ग्रॅमच्या आतल्या प्राण्याला "जेव" म्हणणं म्हणजे विरार लोकलच्या दारात उभं राहून ताट वाढण्यासारखं आहे. एक करवंटी गरम टोकाला, एक थंड टोकाला, उथळ भांड्यात पाणी, आणि आठवडाभर हात लावायचा नाही. रोज काढून बघणं, व्हिडिओ करणं, पाहुण्यांना दाखवणं बंद.

तुमच्या मनात आलं असेल: एका वेळी एकच घटक बदलायचा हा तर प्रयोगाचा पहिला नियम, मग तापमान, आडोसा, हाताळणी, सगळं एकदम बदललं तर नेमकं कशाने फरक पडला ते कळणार कसं? कळणार नाही. आणि माझ्या मते इथे ते कळायला नकोच आहे. तो प्राणी तुमच्या प्रयोगाचा नमुना नाही, तुमच्या ताब्यातला आजारी पडू शकणारा जीव आहे. राहण्याच्या मूलभूत गोष्टी एकदमच नीट करायच्या. त्या स्थिर झाल्यावर भक्ष्याचा प्रश्न घ्यायचा, आणि तिथे मात्र एका वेळी एकच बदल, दोन प्रयत्नांमध्ये पाच-सहा दिवसांचं अंतर ठेवून.

भक्ष्याचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण नकाराकडे मोजण्याजोगी गोष्ट म्हणून बघणारं सुंदर संशोधन इथे झालंय. साप जीभ लपलपवतो ती हवेतले आणि पृष्ठभागावरचे रेणू उचलून टाळूतल्या जेकबसन अवयवाकडे न्यायला. १९६० च्या दशकात गॉर्डन बर्गहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक साधा प्रश्न विचारला: ज्याने आयुष्यात एकदाही खाल्लेलं नाही त्या पिल्लाला आपलं अन्न कोणतं ते माहीत असतं का? त्याने गांडूळ, मासा, बेडूक वगैरे प्राण्यांच्या त्वचेचा अर्क पाण्यात काढला, कापसाचा बोळा त्यात बुडवून नवजात गार्टर सापांसमोर धरला आणि जिभेच्या लपका मोजल्या. पिल्लांनी चक्क कापसावर हल्ला केला. पण कुठल्याही नाही: त्या त्या जातीचं निसर्गात जे अन्न आहे त्याच्याच वासाच्या कापसावर. १९६७ मध्ये हे 'सायन्स'मध्ये छापून आलं.

यातलं मोजमाप समजून घ्या, तुमच्या कुठल्याही वर्तन-अभ्यासात उपयोगी पडेल. बोळा ३० सेकंद धरायचा. हल्ला झाला नाही तर गुण म्हणजे लपकांची संख्या. हल्ला झाला तर त्याच पिल्लाने कुठल्याही चाचणीत दिलेल्या सर्वाधिक लपका, अधिक (३० वजा हल्ल्याला लागलेले सेकंद). समजा, एका पिल्लाने साध्या पाण्याच्या बोळ्याला १२ लपका दिल्या, अत्तराच्या बोळ्याला १५, माशाच्या वासाला ४०, आणि बेडकाच्या वासाच्या बोळ्यावर आठव्या सेकंदाला झडप घातली. बेडकाचे गुण ४० + २२ = ६२. झडप लवकर घातल्यामुळे लपका कमीच मोजल्या गेल्या होत्या, म्हणून नुसत्या लपका मोजल्या असत्या तर बेडूक माशाच्या खाली गेला असता. पाण्याचा बोळा कशासाठी? कापूस हलताना दिसला म्हणूनच जीभ बाहेर आली नाही ना, हे बघायला. अत्तर कशासाठी? कुठल्याही उग्र वासाला तशीच प्रतिक्रिया येत नाही ना, म्हणून. "कंट्रोल का लागतो?" असं पेटच्या मुलाखतीत विचारलं तर हेच उदाहरण द्या.

पुढे १९७७ मध्ये स्टीव्हन आर्नोल्डने कॅलिफोर्नियातल्या एकाच जातीच्या गार्टर सापांबद्दल दाखवलं ते याहून मजेशीर आहे. किनाऱ्याकडच्या ओल्या भागातले साप गोगलगायीसारखे बिनशंखाचे स्लग खातात. आतल्या, कोरड्या डोंगराळ भागात स्लग नाहीत, तिथले साप मासे-बेडकांवर जगतात. प्रयोगशाळेत जन्मलेल्या, कधीच काही न खाल्लेल्या पिल्लांसमोर स्लग ठेवला तर किनाऱ्याकडची बहुतेक पिल्लं खायची, आतल्या भागातली बहुतेक नाकारायची. जात एकच, अनुभव शून्य, तरी नकार वेगळा, म्हणजे फरक वारशाने आलेला. कुणी या दुसऱ्या पिल्लांना "अन्नावर नसलेली, अशक्त" म्हटलं असतं तर एक अख्खा शोध हातून गेला असता.

हे वाचताना मला नेहमी आमची नदी आठवते. वैतरणा त्र्यंबकेश्वरच्या बाजूला उगम पावते आणि मोखाडा-वाड्याकडून येत खाडी होऊन समुद्राला मिळते. वर डोंगरातले गोडे ओढे, खाली खारं पाणी, मिठागरं, कोळंबीचे तलाव. दिवड दोन्हीकडे मिळते. वरच्या दिवडीची पिल्लं आणि खाडीकाठच्या दिवडीची पिल्लं एकाच कापसाच्या बोळ्याला सारखेच गुण देतील का? परवानगी, नीतिमत्ता समिती आणि दोन पावसाळे हाताशी असतील तर प्रबंधाचं एक प्रकरण नक्की आहे यात. उचला कुणीतरी.

आपल्या सापांबद्दलची जुनी निरीक्षणं वाचायची असतील तर भारतीय वैद्यकीय सेवेतल्या फ्रँक वॉलपासून सुरुवात करा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याची सापांवरची लेखमाला वर्षानुवर्षं येत होती, सापांच्या पोटात काय सापडलं याच्या नोंदींसकट. अशा नोंदी वाचल्या की "साप म्हटलं की उंदीर" ही समजूत गळून पडते. दिवडीचं पिल्लू बेडकाची पिल्लं आणि छोटे मासे खातं. कवड्या पालींवर जगतो. मण्यार इतर साप खाते. फुरशाला विंचूसुद्धा चालतो. मोठी धामण उंदीर खाते म्हणून तिच्या पिल्लाला उंदराचं गुलाबी पिल्लू दिलं तर ते बेडूक शोधत बसणार. बॉल पायथनचंही तेच. १९९८ मध्ये लुइसेली आणि अँजेलिची यांनी नायजेरियातल्या रानातल्या बॉल पायथनच्या आहारावर काम छापलं. ७० सेंटिमीटरपेक्षा लहान साप मुख्यतः पक्षी खात होते, मोठे साप सस्तन प्राणी. म्हणजे तुमच्या डब्यातल्या पिल्लाने पांढरा उंदीर नाकारला तर ते हट्टी नाही. त्याच्या मायदेशी त्या वयाच्या ताटात उंदीर हा नेहमीचा पदार्थच नाही.

तरी बहुतेक बॉल पायथन पिल्लं उंदीर घ्यायला शिकतात, आणि बऱ्याचदा अडतं ते देण्याच्या पद्धतीवर. त्यांच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात. फ्रिजमधून काढलेला गार उंदीर त्यांना दगडासारखाच वाटतो. गोठवलेला उंदीर आधी फ्रिजच्या खालच्या खणात वितळवा, मग पिशवीत घालून कोमट-गरम पाण्यात ठेवा आणि पुसून कोरडा करा. मायक्रोवेव्हमध्ये नको, बाहेरून शिजतो, आतून फुटतो. आकार पिल्लाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतका. संध्याकाळनंतर, दिवा मंद करून, लांब चिमट्याने करवंटीच्या दाराशी धरा. दहा मिनिटांत घेतला नाही तर तिथेच ठेवून खोलीबाहेर जा, सकाळी उचला. जिवंत उंदीर रात्रभर सोडू नका. भुकेला उंदीर सापाला कुरतडतो, अशा जखमांनी साप मेलेत.

एवढ्यानेही नाही जमलं तर वास बदलायचा: उंदीर धुऊन त्यावर कोंबडीच्या पिसाचा वास चोळायचा. बर्गहार्टच्या कापसाचंच हे घरगुती रूप. पक्ष्यांचा वास का, ते वर आलंच आहे. शेतातून बेडूक किंवा भिंतीवरची पाल पकडून घालू नका. त्यांच्यासोबत जंत येतात, भातावरची कीटकनाशकं येतात, आणि जंगली प्राणी पकडण्याचा कायद्याचा प्रश्न आहेच.

आता सगळ्यात मोठा धोका, आणि तो पिल्लाला नाही, तुम्हाला आहे. पिल्लं बऱ्याचदा काही आठवड्यांनी आपणहून खायला लागतात. दरम्यान माणसाने पाच उपाय केलेले असतात. पाचव्यानंतर पिल्लू खातं, आणि पाचवा उपाय "रामबाण" म्हणून गावभर होतो. कुणी सांगतं अंधाऱ्या कागदी पिशवीत ठेवा, कुणी सांगतं आधी कोमट पाण्यात बसवा. काही उपायांत तथ्य असेलही, पण शेवटी केलेल्या उपायाला श्रेय देऊन ते कळत नाही. एका पिल्लावर, कंट्रोलशिवाय, पुराव्याचं वजन फार थोडं.

नागपंचमीचं दूध हे याच जातीचं उदाहरण. साप दूध पिताना "डोळ्यांनी पाहिलेले" लोक खोटं बोलत नसतात. गारुड्याने कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला साप समोर आलेलं कुठलंही पातळ पितो. निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चूक, कारण तुलनेसाठी शेजारी पाण्याची वाटी कुणी ठेवलीच नव्हती. दूध त्याला पचत नाही आणि त्याने तो आजारी पडू शकतो.

मग विश्वास कशावर ठेवायचा? वजनकाट्यावर. सोनाराकडचा असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी, पिल्लू कापडी पिशवीत घालून वजन, मग पिशवीचं वजन वजा. न खाणारं पण वजन टिकवून असलेलं पिल्लू आणि न खाणारं व वजन घटत जाणारं पिल्लू, या दोन पूर्ण वेगळ्या बातम्या आहेत. साप उपास किती ताणू शकतात यावर मार्शल मॅक्यूचं २००७ मधलं काम वाचण्यासारखं आहे. त्याने तीन जातींचे ६२ साप जवळपास सहा महिने उपाशी ठेवून मोजले, त्यात बॉल पायथनही होते. काहींनी आपला विश्रांतीचा चयापचय ७२ टक्क्यांपर्यंत खाली आणला होता, आणि उपाशी असतानाही साप लांबीने वाढत होते. म्हणून फुटपट्टीवर भरवसा नको. लांबी वाढतेय, सगळं ठीक आहे, असं वाटत राहतं आणि आतली चरबी संपत असते. मॅक्यूच्या निकालावर विसंबून पिल्लाला महिनोन्‌महिने उपाशी ठेवायचंही नाही. पिल्लाची शिल्लक मोठ्या सापापेक्षा कितीतरी कमी असते.

वजन सलग घटत असेल, पाठीचा कणा धारेसारखा वर दिसायला लागला, कातडीच्या सुरकुत्या जागेवर बसत नसल्या, तोंड उघडं ठेवून श्वास, तोंडात चिकट फेस किंवा पिवळसर थर, खवल्यांत हलणारे काळे ठिपके, यातलं काहीही असलं तर प्रयोग संपला, पशुवैद्याकडे जायचं. तेही साप हाताळणाऱ्या. आपल्या भागात ते पटकन मिळत नाहीत, बहुतेक वेळा मुंबई गाठावी लागते. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. सोबत वही न्या, डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो. जबरदस्तीने भरवणं हा त्यांचा निर्णय आणि त्यांचं काम. घरी पिल्लाचं तोंड काडीने उघडून मांस कोंबलं तर जबडा, दात, अन्ननलिका दुखावते, खाल्लेलं उलटून पडतं, आणि आधी निदान संशयाने बघणारं पिल्लू पुढे माणसाची चाहूल लागताच आक्रसतं.

पिल्लाने शेवटी उंदीर धरला आणि गिळला की आनंदाने दुसरा पुढे करायचा नाही. उपासात सापाची आतडी आक्रसलेली असतात. स्टीफन सेकर आणि जेरेड डायमंड यांनी १९९० च्या दशकात बर्मी अजगरांत दाखवलं की मोठ्या जेवणानंतर दिवसाभरात आतड्याचं वजन जवळपास दुप्पट होतं आणि चयापचय कित्येक पटींनी चढतो. २००५ मध्ये 'नेचर'मधल्या एका पेपरात जेवणानंतर ४८ तासांत हृदयाच्या जवनिकेचं वजन ४० टक्क्यांनी वाढल्याचं आलं, ते खूप गाजलं. पण नंतरच्या काही प्रयोगांत हृदयाची ही वाढ दिसली नाही. पाठ्यपुस्तकात ४० टक्के वाचलंत तर तिथेच थांबू नका, नंतरचे पेपरही काढा. आतड्याची गोष्ट मात्र पक्की आहे आणि आपल्या कामाची आहे: हे सगळं यंत्र पुन्हा उभं करायला शरीर खर्च करतं, म्हणून उपासानंतरचं पहिलं जेवण नेहमीपेक्षा लहान द्यायचं.

खाल्ल्यावर किमान दोन दिवस हात लावायचा नाही, गरम टोकाचं तापमान घसरू द्यायचं नाही. उलटी झाली तर लगेच पुन्हा भरवू नका. पाणी तेवढं ठेवा, दहा-चौदा दिवस थांबा आणि पुढचं भक्ष्य आणखी लहान घ्या. पुन्हा तसंच झालं तर डॉक्टर. सगळं सुरळीत असेल तर आठवड्याभरात विष्ठा दिसेल. तिची तारीखही लिहा, वजन करा, आणि मग पुढचा उंदीर वितळवायला काढा.